प्रिक्लूडचा कर्ता

खाडीकाठच्या त्या गावात मुलगी सासरी गेली की तिच्या दोन गोष्टी ठरलेल्या असायच्या. वर्षातून एकदा भाऊबीजेची साडी, आणि बाप गेला की हक्कसोड. गाव आता नावालाच गाव उरलं होतं. डोंबिवली चहूबाजूंनी चालून आली होती, भाताच्या खाचरांवर टॉवर उभे राहिले होते, मिठागरं कधीच बुजली होती. पण हा रिवाज मात्र कुठल्याच बिल्डरला पाडता आला नव्हता.

भावनाच्या आत्यांनी सह्या केल्या होत्या, चुलत बहिणींनी केल्या होत्या. सह्या झाल्या की भावाने सगळ्यांना हॉटेलात जेवायला न्यायचं आणि बहिणींनी एकमेकींना सांगायचं, "आपल्याला काय करायचंय, माहेर शाबूत राहिलं म्हणजे झालं." भावनाही तेच म्हणणार होती. बापाचं, भिवाचं, वर्षश्राद्ध झालं त्याच दिवशी तिने धाकट्या भावाला सांगून टाकलं होतं, "मयूर, तू तारीख काढ, मी क्लासला सुट्टी टाकते."

कारण मयूरने बापाचं केलं होतं. भिवाच्या किडन्या गेल्यावर आठवड्यातून दोनदा त्याला ठाण्याला डायलिसिसला नेणं, तिथे बाकावर बसून राहणं, परत येताना शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये बाप ओकला तर स्वतःच्या शर्टाने त्याचं तोंड पुसणं, हे सगळं त्याने एकट्याने काढलं. भावना कल्याणला, खडकपाड्याला राहत होती, तिची मुलगी लहान. धाकटी प्रीती टिटवाळ्याला, तिच्या सासूचं अंथरूण. दोघी जमेल तशा यायच्या. उरलेलं सगळं मयूर आणि त्याची बायको विनिता. तेव्हा राहतं घर, त्यामागचं परसू आणि खाडीकडेची जमीन मयूरच्या नावावर झाली, तर त्यात गैर काय, असं भावनाला मनापासून वाटत होतं. बिल्डरलाही एकच मालक हवा होता. चार जणांच्या मागे कोण फिरणार?

भावना डोंबिवली पूर्वेला बँकेच्या परीक्षांच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकवायची. घराण्यातली पहिली एम.ए. गावात कोणाला बँकेचा, कोर्टाचा, पासपोर्टचा इंग्रजी कागद आला की तो तिच्याकडे यायचा आणि ती तो आपल्या भाषेत सांगायची. त्याचा तिला थोडा अभिमानही होता.

त्या आठवड्यात ती वर्गात क्रियापदं घेत होती. प्रिव्हेंट, प्रोहिबिट, प्रिक्लूड. तिघांचाही अर्थ वरवर एकच, अडवणं. पण परीक्षेत रिकाम्या जागेत नेमकं कुठलं बसतं, तिथे पोरं हमखास चुकायची.

पहिल्या बाकावरच्या रुचिताने हात वर केला. "मॅम, माझे पप्पा मला पुण्याच्या जॉबपासून प्रिक्लूड करतात. असं चालेल?"

वर्ग हसला. भावनाही हसली. "पप्पांना सांगू नकोस, पण नाही चालणार. पप्पा अडवतात तेव्हा स्टॉप म्हण, फॉरबिड म्हण. प्रिक्लूडचा कर्ता सहसा माणूस नसतो. परिस्थिती असते. वय, आजार, एखादा नियम, एखादा करार. 'माझं वय मला या परीक्षेपासून प्रिक्लूड करतं.' वाट आधीच बंद झालेली असते. तू जाशील-न जाशील हा प्रश्नच उरत नाही."

"म्हणजे कोणी केलं नाही, आपोआपच झालं?"

"वाक्यात तरी तसंच दिसतं."

"पण मॅम, वयाचा नियम कोणीतरी बनवलाच असेल ना?"

"असेल. पण तो वाक्यात येत नाही." भावनाने फळा पुसला आणि पुढचा शब्द लिहिला.

रविवारी मयूरने जेवायला बोलावलं. विनिताने सुकट केली होती, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. जेवणं झाल्यावर मयूरने कपाटातून प्लास्टिकची फाइल काढली आणि बहिणीच्या पुढ्यात ठेवली.

"ताई, वकिलाने ड्राफ्ट दिलाय. बिल्डरच्याच ऑफिसचा वकील आहे, म्हणून इंग्लिशमध्ये आहे. तू एकदा वाच आणि आईला समजाव. उद्या कोणी बोलायला नको की म्हातारीला फसवलं."

आई, आवडाबाई, परसात भांडी उपडी घालत होती. साठी कधीच ओलांडली होती, पण पाठ ताठ. लग्न होऊन आली तेव्हापासून मिठागर बंद पडेपर्यंत तिने डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहिल्या होत्या. मिठावरचं ऊन डोळ्यांत जाऊ नये तसे ती अजूनही डोळे बारीक करून बघायची.

भावनाने वाचायला सुरुवात केली. पहिली पानं तिला पाठच होती म्हणायला हरकत नाही. आत्यांच्या कागदांतही हेच होतं. मयत भिवा यांचे वारस अमुक, मिळकतीचं वर्णन तमुक. लिहून देणार: आवडाबाई, भावना, प्रीती. लिहून घेणार: मयूर. चौथ्या पानावर ती थांबली. हा दस्त लिहून देणाऱ्यांना सदर मिळकतीत प्रवेश करणे, वास्तव्य करणे अथवा कोणताही हक्क सांगणे यांपासून कायमचा प्रिक्लूड करील.

तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. आत्यांच्या कागदात हे नव्हतं. तिथे फक्त हिस्सा सोडला होता. इथे प्रवेश होता, वास्तव्य होतं, आणि लिहून देणाऱ्यांत पहिलं नाव आईचं होतं.

"मयूर, हे काय आहे?"

"कुठलं?"

"आईला घरात राहण्यापासून... म्हणजे या कागदाने आईचा घरात राहायचाही हक्क जातो."

मयूरने मान वाकडी करून पान बघितलं, जणू तिथे पाल बसली आहे. "ते स्टँडर्ड असतं गं. वकील टाकतात. बिल्डरला जागा रिकामी मिळाली पाहिजे, म्हणून. कोणी मध्ये अडून बसू नये."

"आई अडून बसणार आहे?"

"अगं, आईला मी घराबाहेर काढेन असं वाटतं का तुला?" त्याचा आवाज चढला. "बाबांचं कोणी केलं? तू सांग, कोणी केलं?"

"तू केलंस. आणि तू तिला काढणार नाहीस, हेही मला माहितीय."

"मग?"

"मग ते लिहिलंय कशाला?"

विनिता पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, ती तशीच आत गेली. भावनाला वर्गातली रुचिता आठवली, 'नियम कोणीतरी बनवलाच असेल ना?' उद्या टॉवर उभा राहील. मयूरला काही झालं, धंदा बसला, नातवंडं मोठी झाली, बिल्डर बदलला आणि कोणी येऊन म्हातारीला म्हणालं, आजी, तुमचं इथे काही नाही, तर कोणी काढलं म्हणून कोणाकडे बोट दाखवायचं? मयूर म्हणेल मी नाही, वकील म्हणेल मी नाही. सगळे कागदाकडे बोट दाखवतील आणि कागद खरंच बोलेल.

आवडाबाई पदराला हात पुसत आली. "काय गो बाय, काय लिवलाय?"

भावनाने भावाकडे बघितलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता, मान लाल झाली होती. बाप गेल्यावर घाटावर असाच उभा होता तो. तिच्या तोंडून निघालं, "घराचा कागद आहे आई. नंतर सांगते."

घरी आल्यावर तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. सुदेशने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मी यात बोललो तर तुझा भाऊ म्हणणार, दाजींना जमीन पाहिजे. म्हणून मी गप्प. पण तुला नाही पटत तर नको करूस सही. तुला काय कोणी पकडून नेणारे?"

पकडून न्यायला कोणी आलं नाही. फोन मात्र आले. आधी प्रीतीचा. "ताई, तू इंग्लिशचे किडे काढत बसू नको हां. मला भांडण नकोय. वर्षातून दोनदा येते मी माहेरी, ते पण बंद होईल." मग पंढरीकाकांचा, बापाच्या सख्ख्या भावाचा. "काय गो पोरी, तू शिकलीस म्हनून आम्ही छाती फुगवून सांगायचो. आता तूच घर फोडतेस? तुज्या आत्यांनी एक शबुद नाय काढला." मयूरने स्वतः फोन केला नाही. फक्त तारीख आणि वेळ पाठवली.

भावनाने तीन-चार दिवस ते वाक्य मनात घोळवलं. वकिलाला सांगून एवढं एक वाक्य काढून टाकता येईल का, असं तिने मयूरला लिहिलं. उत्तर आलं, 'बिल्डर नाही बोलतो. ताई प्लीज. माझी इज्जत आहे.' शेवटी तिचा धीर सुटला. आपण एवढं ताणतोय खरं, पण मयूर तर आईला जिवापाड जपतो. तिने लिहिलं, 'ठीक आहे. येते.'

कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात त्या दिवशी लग्नघराइतकी गर्दी होती. भाडेकरार, फ्लॅट, हक्कसोड. भिंतीला टेकून लोक उभे, एजंट फायली नाचवत फिरत होते. मयूरने पांढरा शर्ट घातला होता. ओळख द्यायला पंढरीकाका आले होते. प्रीती टिटवाळ्याहून आली होती, गजरा माळून. हॉटेलात जायचं होतं नंतर. आवडाबाई चांगलं लुगडं नेसून बाकावर बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

नंबर यायला वेळ होता. मयूर एजंटशी बोलायला बाहेर गेला.

आवडाबाई हळूच म्हणाली, "बाय, तू सांगनार व्हतीस."

"काय?"

"त्या कागदान काय लिवलाय ता. तू बोल्लीस नंतर सांगते. मंग नाय सांगलास."

भावनाने हातातली फाइल मांडीवर घेतली.

"मना वाटला तू फोनवर सांगशील. मी वाट बगली." म्हातारी समोरच्या भिंतीकडे बघत होती. "माज्या भावांनी मना असाच आनला व्हता. ठान्याला. मी पोरगी व्हते, तू तवा पोटात. बोल्ले, अंगठा दे. मी दिला. परत येताना मना आंब्याचा रस पाजला. काय लिवला व्हता ता आजून ठावा नाय मना. मी कवा इचारलाच नाय." तिने मान वळवली. "तू तर माजी शिकलेली पोर हायस ना गो?"

हे आईने रागाने म्हटलं असतं तर भावनाने सहन केलं असतं. पण आई खरंच विचारत होती.

भावनाने फाइल उघडली. चौथं पान काढलं. "आई, बघ. यात असं लिहिलंय की तू, मी आणि प्रीतीने आपला हिस्सा सोडला."

"ता ठावा हाय."

"आणि पुढे एक शब्द आहे. प्रिक्लूड. म्हणजे..." तिने वर्गात कितीदा तरी हा शब्द सोडवून सांगितला होता. आता आईच्या बोलीत तिला तो सापडेना. "म्हणजे दार लावून टाकायचं. आपण दाराशी जायच्या आधीच. उद्या तुला घरात राहायचं असेल तर तुला राहू देऊ का नको, हे कोणी ठरवायचं राहतच नाही. तुझा राहायचा हक्क आजच संपला."

"माज्या घरान?"

"हो."

"दार कोन लावनार? मयूर?"

"मयूर नाही. कागद लावणार, असं लिहिलंय."

आवडाबाईने कागदाकडे बघितलं. डोळे बारीक केले. "कागदाला हात हायत काय?"

तेवढ्यात नंबर पुकारला गेला. मयूर धावत आला, "चला चला, आई ऊठ, काका, आधार कार्ड काढा." सगळे टेबलासमोर उभे राहिले. निबंधक बाई चष्म्यातून सराईत सुरात विचारत होत्या. नाव काय, वडिलांचं नाव काय, कॅमेऱ्याकडे बघा. आवडाबाईकडे वळून त्या म्हणाल्या, "आजी, हक्कसोड पत्र आहे. राजीखुशीने देताय ना? दस्त कबूल आहे?"

"नाय," आवडाबाई म्हणाली.

निबंधक बाईंनी मान वर केली. "काय म्हणालात?"

"नाय कबूल. मी अंगठा नाय देनार."

"आई!" मयूर खाली वाकला, तिच्या खांद्याला धरून हसत म्हणाला, "मॅडम, तिला कळलं नाही. आई, काय बोलतेस? ताईने सांगितलं ना तुला?"

"तिनाच सांगला. म्हनून नाय."

मयूरने बहिणीकडे बघितलं. भावनाला वाटलं होतं तो ओरडेल. त्याचा चेहरा मात्र लहानपणी मार खाल्ल्यावर व्हायचा तसा झाला होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"काय सांगितलंस तिला?"

"त्यात आहे ते."

"इथे? आता? अगं, दोन आठवडे काय करत होतीस?"

"गप्प बसले होते. माझंच चुकलं. तेव्हाच सांगायला पाहिजे होतं." तिचा आवाज वर्गातल्या आवाजासारखा निघाला. "आणि मयूर, मी पण सही करणार नाही. आईचं एकटीचं नाही हे. मला पण त्या घरात यायचंय. तू ये म्हणशील तेव्हा नाही, मला वाटेल तेव्हा."

पंढरीकाका पुढे आले. "पोरी, तमाशा करू नको. भावाच्या तोंडचा घास काढतेस?"

"काका, भावाला उपाशी कोण ठेवतंय? त्याचा हिस्सा त्याचाच आहे. त्याने बाबांचं केलं त्याच्यासाठी तो आमच्यापेक्षा जास्त मागू दे, मी एका शब्दाने नाही म्हणणार नाही. पण माझ्या आईला तिच्याच घरात पाहुणी करणाऱ्या कागदावर मी सही करणार नाही. तुम्ही करायला सांगता, तर एकदा तुम्ही तोंडाने बोला ना. म्हणा, वहिनी, आजपासून हे घर तुझं नाही. म्हणा ना इथे, सगळ्यांसमोर."

काकांनी हातातलं आधार कार्ड खिशात घातलं. मागे रांगेतली माणसं पुढे सरकून ऐकू लागली होती.

"अहो, बाकीचे थांबलेत," निबंधक बाई म्हणाल्या. "देणाऱ्याला कबूल नसेल तर दस्त होणार नाही. घरी ठरवा आणि या." आणि त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

बाहेर रस्त्यावर प्रीती रडायला लागली. "तुझं बरं आहे ताई. तू पगार आणतेस, तुला कोणी विचारणार नाही. मी कुठे जाऊ? मला माहेर म्हणजे मयूरच आहे." भावनाने तिचा हात धरला, तो तिने झटकून टाकला. मयूरने गाडी काढली. आई पुढे बसली, नेहमीच्या जागेवर, आणि दार स्वतः ओढून घेतलं. भावनासाठी गाडी थांबली नाही. ती रिक्षाने घरी गेली आणि पोचताच बाथरूममध्ये जाऊन खूप वेळ तोंडावर पाणी मारत राहिली.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. मयूरने आईला घराबाहेर काढलं नाही. तो तसा नव्हताच. तो फक्त तिच्याशी बोलेनासा झाला. ताट समोर आलं की जेवायचा, उठून जायचा. विनिता मध्येच कधी भावनाला चोरून फोन करायची, "आई ठीक आहेत, औषध घेतात," एवढंच सांगून ठेवून द्यायची. गावात बोललं जायचंच. शिकलेली पोर, घर फोडणारी पोर, नवऱ्याने फितवलेली पोर. भावना दर रविवारी जायची. बेल वाजवायची, विनिता दार उघडायची, भावना आईजवळ बसायची. मयूर आतल्या खोलीत टीव्ही मोठा करायचा. कधीकधी तिला वाटायचं, ओरडून सांगावं, बाबारे, मी तुझं काही घेतलेलं नाही. पण मग ते खरं राहिलं नसतं. तिने घेतलं होतं. स्वतःचं होतं ते तिने घेतलं होतं, आणि आता ते सोडून देऊन परत मिळणाऱ्या मायेची तिला इच्छा उरली नव्हती.

बिल्डरला मात्र टीव्ही मोठा करून भागणार नव्हतं. शेजारच्या दोन जागा त्याने घेतल्या होत्या. मधली ही अडकली होती. आधी त्याच्या माणसाने आवडाबाईला गोड बोलून बघितलं, मग मयूरला दटावलं. त्या दटावण्याने मयूर चिडला. भावाला बहिणीचा राग होता, पण बाहेरच्या माणसाने आपल्या ओसरीवर येऊन आपल्या आईचा उल्लेख 'ती म्हातारी' असा करावा, हे त्याला चाललं नाही. त्याने त्या माणसाला चहाचा कप तसाच ठेवून उठायला लावलं. हे विनिताने फोनवर सांगितलं, आणि या वेळी पटकन फोन ठेवला नाही.

पावसाळा सरता सरता मयूर भावनाच्या क्लासखाली येऊन उभा राहिला. वर आला नाही. ती खाली गेली.

"ठाण्याचा एक वकील आहे," तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "आपला वेगळा. हक्कसोड नाही करायचं. चौघांची नावं ठेवून बिल्डरशी करार करायचा. आईच्या नावावर एक फ्लॅट, ती असेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. मला दोन, मी बाबांचं केलंय म्हणून. तुम्हाला दोघींना एक-एक. मराठीत बनवायला सांगितलंय."

"मला कबूल आहे."

"तुझ्यासाठी नाही करत मी हे."

"माहितीय."

"आईने मला सगळ्या ऑफिससमोर खोटं पाडलं. तुझ्यामुळे."

"हो," भावना म्हणाली. "माझ्यामुळे."

त्याने बाइकला किक मारली आणि तो गेला. ठाण्यात करार झाला तेव्हा चौघांनी सह्या केल्या. आवडाबाईने आधी वकिलाला सगळी पानं मोठ्याने वाचायला लावली, दोन ठिकाणी थांबवून पुन्हा वाचायला लावली, आणि मग अंगठा दिला. प्रीतीने भावनाकडे न बघता सही केली, पण जाताना भावनाच्या मुलीसाठी आणलेला फ्रॉक बाकावर ठेवून गेली. त्या दिवशी कोणी हॉटेलात गेलं नाही.

डिसेंबरात पंढरीकाकांच्या मुलाचं, रत्नदीपचं लग्न निघालं. पत्रिका टिटवाळ्याला गेली, आत्यांकडे गेली, भावनाच्या सासरच्या लांबच्या नातेवाइकांकडेही गेली. खडकपाड्याला आली नाही. हळदीच्या दिवशी सकाळी आईचा फोन आला.

"काय नेसनार हायस?"

"कशाला आई? मला कुठे बोलावलंय?"

"मी इचारते काय नेसनार," आवडाबाई म्हणाली. "ती हिरवी नेस. चांगली दिसते तुला."

भावना हिरवी साडी नेसून, मुलीला आणि सुदेशला घेऊन गेली. मांडव गल्लीच्या तोंडापासून घातला होता. डीजेच्या भिंती दुतर्फा, गावातली पोरं नाचत होती, मधोमध रत्नदीप पिवळाधमक होऊन बसला होता. भावना मांडवात शिरली तेव्हा दाराशी बसलेल्या बायकांचं बोलणं थांबलं. सुदेश कानाशी म्हणाला, "परत जायचं असेल तर सांग." तिने नकारार्थी मान हलवली.

पंढरीकाका समोर आले. "तुला बोलावना नव्हता."

"नव्हता काका," भावना म्हणाली. "पण चुलत भावाची हळद आहे. मी आलेय."

"लाज नाय वाटत?"

"वाटली असती, तर घरी बसले असते. मी कोणाचं चोरलेलं नाही. रत्नदीपला मी खांद्यावर घेऊन खेळवलंय, त्याला हळद लावायला मला कार्ड कशाला पाहिजे? तुम्हाला घालवून द्यायचं असेल तर हाताला धरून बाहेर काढा. मी जाईन. पण तुम्ही स्वतः काढायचं. मी आपणहून जाणार नाही."

डीजेचं गाणं संपलं होतं आणि पुढचं लागायचं होतं, म्हणून हे बोलणं अपेक्षेपेक्षा जास्त लांबपर्यंत गेलं. आवडाबाई बायकांतून उठली नाही, बसल्या जागेवरूनच म्हणाली, "भावजी, बाजूला सरा. पोरीला हलद लाव दे."

काका सरले. मनापासून नाही, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत, पण सरले.

भावना पाटापाशी गेली. रत्नदीपने वर बघितलं आणि हळदीने माखलेल्या चेहऱ्याने हसला, "ताई, आलीस? मला वाटलं येत नाहीस." तिने त्याच्या दोन्ही गालांना हळद लावली, कपाळाला लावली. आत्यांनी तोंडं फिरवली होती. प्रीती मात्र पुढे होऊन तिच्याशेजारी उभी राहिली आणि वाटी हातात धरून तिने विचारलं, "माझ्यासाठी ठेवलीस का थोडी?"

जेवणाच्या पंगतीत भावना बायकांच्या रांगेत मधोमध बसली. वाढणाऱ्यांत मयूर होता, भाकऱ्यांची परात घेऊन. रांगेतून सरकत तो तिच्यापर्यंत आला, थांबला. क्षणभर वाटलं, तो पुढे जाणार. त्याने तिच्या पानात एक भाकरी टाकली आणि तिच्याकडे न बघता पुढे निघाला.

"मयूर," भावनाने हाक मारली, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "अजून एक दे."